पूलला आधी चादर, मग हीटर

सोलापुरात पोहण्याच्या पूलला हीटर कशाला, असं मे महिन्यात विचारलं तर कुणीही हसेल. हाच प्रश्न गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, सकाळी सातला पाण्यात पाय सोडून विचारून बघा. डिसेंबर-जानेवारीत दुपारची हवा तिशीच्या आसपास असते, पहाटेची पंधराच्या, एखाद्या रात्री त्याहूनही खाली. पाणी मात्र २१-२२ अंशांवर बसून राहतं. आरामात पोहायला २८ लागतात, लहान मुलं उतरणार असतील तर २९-३०. म्हणजे सहा-सात अंश चढवायचे, आणि तेही वर्षातले तीन-साडेतीन महिनेच. ही मुदत लक्षात न ठेवता केलेली खरेदी हमखास महागात पडते.

आधी हिशेब. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ युनिट (विजेच्या बिलातलं युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास) उष्णता लागते. आठ बाय चार मीटरचा, सरासरी सव्वा मीटर खोल पूल म्हणजे ४० हजार लिटर. एका अंशाला ४६-४७ युनिट, सहा अंशांना जवळपास २८०. हा झाला एकदाच चढवण्याचा खर्च. खरी गळती त्यानंतर सुरू होते.

आपली हवा कोरडी. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६८ युनिट उष्णता सोबत जाते. ३२ चौरस मीटरच्या या पूलवरून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तर १६० लिटर गेले, आणि त्यांच्याबरोबर सुमारे ११० युनिट, म्हणजे सव्वादोन अंश. दिवसा ऊन त्यातलं काही भरून देतं, रात्री कुणी देत नाही. म्हणून पहिला पैसा कव्हरवर घाला. चादरीचं महत्त्व सोलापूरकराला दुसऱ्या कुणी सांगायला नको! बबल कव्हर ४०० ते ५०० मायक्रॉनचं घ्या, फुगे पाण्याच्या बाजूला ठेवा, आणि एका माणसाला ओढता येईल असा रोलर त्याच वेळी बसवून घ्या. रोलर नसेल तर कव्हर आठवडाभरात कोपऱ्यात जाऊन पडतं. शॉक क्लोरीन, म्हणजे एकदम जास्त मात्रेतलं क्लोरीन, टाकल्यावर क्लोरीन उतरेपर्यंत कव्हर घालू नका. गुंडाळून उन्हात ठेवायचं असेल तर त्यावर पांढरा कपडा टाका, नाहीतर घड्यांमध्ये उष्णता साठून फुगे फुटतात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात रोज दीडशे लिटर वाचतात, हा फायदा वेगळाच.

आता हीटर. पाइपात बसवायचा साधा इलेक्ट्रिक हीटर स्वस्त पडतो म्हणून प्लंबर तो आधी सुचवतो. पण त्याच्या हिशेबात काही जादू नाही: २८० युनिट उष्णता हवी तर २८० युनिट वीज. सोडून द्या. गॅस हीटरचा उपयोग एकाच ठिकाणी: शहराबाहेरचं फार्महाउस, महिन्यातून एक-दोन हुरडा पार्ट्या, बाकी दिवस पूल रिकामा. तो एका दिवसात पाणी चढवतो. पण १९ किलोच्या सिलिंडरमधून पाण्यात जेमतेम २०० युनिट उतरतात, म्हणजे सहा अंशांना दीड सिलिंडर. आणि फार्महाउसवर काहीही बसवा, शेतीपंपाच्या कनेक्शनवर ते चालवू नका. नियमात बसत नाही, आणि ती वीज ठरावीक तासच असते.

रोज पोहणाऱ्या घराला दोनच खरे पर्याय उरतात.

पहिला, सोलर मॅट. काळ्या पॉलिप्रोपिलीनच्या किंवा रबरी नळ्यांच्या या पट्ट्या गच्चीवर अंथरायच्या आणि पूलचंच पाणी त्यातून फिरवायचं. आंघोळीच्या सोलरच्या काचेच्या नळ्या इथे चालत नाहीत. त्या थोडं पाणी खूप तापवण्यासाठी असतात, आपल्याला खूप पाणी थोडं तापवायचं आहे. मॅटचं क्षेत्रफळ पूलच्या निम्म्यापेक्षा कमी नको. आपल्या पूलला २५ चौरस मीटर घ्या. चांगल्या उन्हात दिवसाला एक ते दीड अंश मिळतो. कव्हर असेल तर तेवढं पुरतं, नसेल तर रात्री सगळं उडून जातं. पाणी खालच्या हेडरमधून (पट्ट्यांना जोडणाऱ्या आडव्या पाइपातून) आत आणि तिरक्या टोकाने वरून बाहेर, तरच सगळ्या पट्ट्यांत सारखं फिरतं. सर्वात उंच ठिकाणी व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी झडप, हवीच. ती नसेल तर मोटर बंद झाल्यावर पाणी खाली उतरताना नळ्या आत ओढल्या जाऊन चपट्या होतात. स्लॅबला ड्रिल मारू नका, वॉटरप्रूफिंग जातं. सिमेंटच्या ब्लॉकला पट्टे बांधून मॅट दाबा, आणि नीट दाबा, कारण वळवाच्या पावसाआधीचं वारं सैल पट्टी शेजारच्या अंगणात नेऊन टाकतं.

दुसरा, हीट पंप. एसीचंच यंत्र, उलटं वापरलेलं: हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतं. एक युनिट वीज घेऊन चार ते सहा युनिट उष्णता देतं. कॅटलॉगवरचा मोठा आकडा बहुधा २७ अंश तापमानाच्या दमट हवेचा असतो. आपल्याकडे हिवाळ्यात दमटपणा कुठला? म्हणून शेजारचा १५ अंश हवेचा आकडा वाचा आणि निवड त्याच्या जवळपास धरा. तीन दिवसांत, रोज दहा तास चालवून सहा अंश चढवायचे, शिवाय कव्हर असताना रोजचा एक अंश गळतीचा, असं धरलं तर १४-१५ किलोवॉट उष्णतेचं यंत्र लागतं. ते वीज साधारण तीन किलोवॉट खातं. एकदा पाणी चढलं की कव्हरसह दिवसाला नऊ-दहा युनिट, महिन्याला तीनशेच्या आत. घरगुती बिलात हे युनिट वरच्या टप्प्यात पडतात, तेव्हा दर तिथला धरा, आणि मंजूर भार पुरतो का ते महावितरणच्या बिलावर आधी बघा.

यंत्र रात्रीच्या टायमरवर लावण्याची सवय मोडा. दुपारची ३० अंशांची हवा फुकट मिळत असताना पहाटेच्या १५ अंशांतून उष्णता ओढायची म्हणजे वीज वाया घालवणं. पाणी एकदा चढलं की सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चालवा, सहानंतर कव्हर ओढा. गच्चीवर सोलर पॅनल असतील तर वेळ अगदी जुळते.

बसवताना क्रम चुकवू नका: मोटर, फिल्टर, हीटर, आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन सोडणारा क्लोरिनेटर, त्याच्या आधी पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. क्लोरीनच्या गोळ्या स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) टोपलीत टाकायची पद्धत हीटर आल्यावर बंद. मोटर थांबली की ते आम्लधर्मी पाणी हीटरमध्ये उभं राहतं. हीट पंपाची टायटॅनियमची कॉइल बरंच सोसते, पण गॅस हीटरमधलं तांबं झिजतं आणि पूलच्या टाइल्सवर हिरवट डाग उमटतात. हीटरला तीन व्हॉल्व्हचा बायपास, म्हणजे हीटर टाळून जाणारी वाट, करा, दोन्ही तोंडांना युनियन (खोलता येणारे जोड) लावा, आणि सॉल्व्हंटचे जोड २४ तास सुकू द्या. यंत्र उघड्यावर, १०-१५ सेंटिमीटर उंच ओट्यावर, रबरी पॅडवर ठेवा. मागे एक फूट, पंख्यासमोर पाच-सहा फूट मोकळे. मोटरच्या बंद खोलीत ठेवलं तर ते स्वतःचीच थंड हवा पुन्हा ओढतं. ॲसिडचे कॅन शेजारी नकोत. त्या वाफांनी जाळीचे पातळ पत्रे गंजतात.

वायरमनला तीन गोष्टी सांगा: स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी) आणि मोजून तपासलेली अर्थिंग. थ्री-फेज यंत्राला सिंगल फेज प्रिव्हेंटर लावा, फेजचा क्रम उलटा झाला तर यंत्र थांबवणारा. हीटर चालू तेव्हा मोटर चालूच, असं वायरिंगमध्येच बांधून (इंटरलॉक करून) घ्या.

पहिल्याच दिवशी तक्रार येते: पाणी गरमच येत नाही! रिटर्नच्या, म्हणजे पाणी पूलमध्ये परत येतं त्या, तोंडाशी हात धरला तर खरोखर कोमटसुद्धा लागत नाही. तासाला सहा हजार लिटर फिरत असतील तर १५ किलोवॉटचं यंत्र पाण्यात दोनच अंशांचा फरक पाडतं, आणि तेच बरोबर आहे. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपांना थर्मामीटर लावा. फरक पाच-सहा अंशांवर गेला तर पाणी कमी फिरतंय: फिल्टर तुंबलाय, नाहीतर बायपास जास्त उघडा आहे. फ्लोचा एरर दाखवून यंत्र बंद पडलं तरी आधी फिल्टर बॅकवॉश करा (उलटं पाणी सोडून धुवा), मेकॅनिकला मग बोलवा.

दुसरी तक्रार पावसाळी हवेत, यंत्राखाली पाणी साचल्याची. त्या पाण्यात क्लोरीनची पट्टी बुडवा. रंग आला तर गळती, नाही आला तर हवेतलं दव.

तिसरी गोष्ट तक्रार होईपर्यंत कळतच नाही: क्षार. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी, वर रोजचं बाष्पीभवन. पाणी उडतं, कॅल्शियम मागे राहतं. तापलेल्या कॉइलवर ते आधी बसतं. पीएच ७.२ ते ७.६ आणि कॅल्शियमचा कडकपणा ४०० पीपीएमच्या आत ठेवा. वर गेला तर थोडं पाणी काढून मऊ पाणी भरणं हाच उपाय.

फेब्रुवारी संपला की हीटर बंद. एप्रिलमध्ये पाणी उलट जास्त तापायला लागतं, तेव्हा रात्री कव्हर काढून ठेवा. सोलर मॅट असेल तर रात्री दहा ते पहाटे पाच मोटर चालवून पाणी गच्चीवर फिरवा. दिवसा तापवणाऱ्या त्याच पट्ट्या रात्री ते निववतात.