पंच नसलेला खेळ

‘तू तिकडे झाडू मारायला जातेस म्हणे?’ ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या काकूंचा हा ठरलेला प्रश्न. समजावणं मी सोडून दिलंय, सरळ हो म्हणते. इथे कॅनडात कॅल्गरीचा हिवाळा हटता हटत नाही, घरात बसून माणूस नुसता कुढतो. म्हणून ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं शेपूट धरून कर्लिंग क्लबात गेले आणि तिथलीच झाले.

खेळ असा: सुमारे 45 मीटर लांब बर्फाची पट्टी आणि तिच्या टोकाला रंगीत वर्तुळं, म्हणजे ‘हाऊस’. चार-चार जणांचे दोन संघ. जवळपास 20 किलोचा, वर हँडल असलेला ग्रॅनाइटचा दगड घसरत सोडायचा आणि वर्तुळाच्या मध्याशी नेऊन थांबवायचा. दगडाच्या पुढे दोघं ब्रशने बर्फ घासत पळतात, त्याने तो लांब आणि सरळ जातो. समोरच्याचा दगड उडवता येतो, आपला दुसऱ्याच्या आडोशाला लपवता येतो. ज्याने लहानपणी कॅरम कुटलाय त्याला डाव पटकन कळतो. गुडघ्यांचं मात्र काही खरं नाही.

सुरुवातीला आणि शेवटी सगळे सगळ्यांशी हात मिळवतात, ‘गुड कर्लिंग’ म्हणतात. समोरचा दगड सोडत असताना बाकीच्यांनी बाजूला निमूट उभं राहायचं. त्याचा दगड चुकला तर टाळ्या नाहीत. इथवर ठीक आहे, शिस्तीचे खेळ इतरही आहेत. मला चक्रावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. क्लबातल्या सामन्याला पंचच नसतो.

धावत्या दगडाला ब्रश किंवा बूट लागला तर तो ‘बर्न्ड’, म्हणजे जळलेला. पण ब्रशचा तो निसटता स्पर्श बघणार कोण? ज्याचा लागला त्यानेच सांगायचं. एकदा आमच्याविरुद्ध सत्तरी ओलांडलेले एक आजोबा ब्रश मारत होते. शेवटचा एंड, म्हणजे शेवटची फेरी, आणि शेवटचा दगड. दगड हाऊसजवळ पोहोचला आणि आजोबांनी हात वर केला, ‘माझा ब्रश लागला.’ आमच्यापैकी कुणालाही काही दिसलं नव्हतं. दगड दूरच्या हॉग लाइनच्या, म्हणजे हाऊसच्या अलीकडच्या रेघेच्या, पुढे गेल्यावर असं झालं, तर सगळे दगड थांबेपर्यंत थांबतात आणि निर्णय समोरच्या संघाचा स्किप, म्हणजे कप्तान, देतो: दगड उचला, आहे तिथे राहू द्या, किंवा स्पर्श झाला नसता तर जिथे गेला असता तिथे ठेवा. आमच्या स्किपबाईंनी एक नजर टाकली, ‘काही फरक पडला नाही, राहू द्या’ म्हणाल्या आणि त्याच दगडावर आम्ही हरलो. त्यांच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. मी मात्र गाडीत बसेपर्यंत धुसफुसत होते.

गुणांचंही तसंच. एंड संपला की दोन्ही संघांचे व्हाइस-स्किप, म्हणजे उपकप्तान, हाऊसमध्ये उभे राहून कुणाचा दगड मध्याच्या जवळ ते ठरवतात, अगदीच अटीतटीचं असेल तर मोजपट्टी काढतात. जिंकण्याची आशा संपली की हरणारा संघ उरलेला खेळ न ओढता हात पुढे करतो. हे शेवटचं मला अजून पूर्णपणे पटलेलं नाही. शेवटच्या चेंडूपर्यंत लढायचं, या संस्कारात वाढलेली मी.

हे सगळे देवमाणसं आहेत, असा समज नको. 2018 साली कॅल्गरीपासून दीड तासावरच्या रेड डीअरमध्ये एका स्पर्धेत एक संघ दारू पिऊन बर्फावर उतरला, ब्रश मोडले आणि स्पर्धेतून हाकलला गेला. त्यात ऑलिंपिक सुवर्णपदकविजेता होता! पण त्याच्या तीनच वर्षं आधी, 2015 मध्ये, ब्रशसाठी असं कापड आलं होतं की त्याने घासून दगड हवा तसा वळवता येई. तेव्हा नियम यायची वाट न बघता कितीतरी अव्वल संघांनी आपणहून जाहीर केलं, हे ब्रश आम्ही वापरणार नाही. जागतिक संघटनेचे कापडाचे नियम त्यानंतर आले.

माझ्या मते या सभ्यतेचं खरं मूळ बर्फावर नाही, वरच्या मजल्यावरच्या टेबलावर आहे. सामन्यानंतर दोन्ही संघ एकत्र बसतात आणि पहिलं पेय जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं. (मी बिअर घेत नाही, माझी कॉफी.) पुढचा तासभर त्याच माणसासमोर बसायचंय, त्याच्या पोरांची चौकशी करायचीय, हे माहीत असलं की लबाडी करायला जीभ रेटत नाही.

परवा ठाण्यात भाच्यासोबत घोडबंदर रोडच्या टर्फवर क्रिकेटला गेले होते. तिथेही बाहेरचा पंच नाही, बॅटिंग करणाऱ्यांचाच एक जण अंपायर. रनआउटवरून जी जुंपली, ती दहा मिनिटं गेली, ‘रडीचा डाव खडी’च्या आरोळ्या झाल्या. तेवढ्यात भाड्याची वेळ संपली, पुढची टोळी दारात उभीच होती. जो तो बाइकला किक मारून पसार.

घरी येताना भाच्याला म्हटलं, टेबल नाहीये रे तुमच्याकडे. पुढच्या वेळी जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना मामलेदारची मिसळ खिलवायची, असं ठरवून तर बघा.

तो म्हणाला, ‘मावशी, मग ही पोरं मुद्दाम हरतील.’