शंभर पौंड लोकर

भाचीच्या बाळासाठी टोपडं विणायला घेतलंय त्याला महिना झाला, अजून कानाच्याही खाली आलेलं नाही. टाके मोजताना फोन बघायचा नसतो हे माहीत असून काल बघितलाच आणि समोर सोजर्नर ट्रुथचा फोटो आला. गुलामीतून बाहेर पडून गुलामगिरीविरुद्ध गावोगाव भाषणं करत फिरलेली ही अमेरिकन बाई. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर शाल, डोळ्यांवर चष्मा आणि हातात चक्क विणकाम! लोकरीचा धागा मांडीवरून खाली ओघळलाय. मी म्हटलं, अरे, ही तर आपल्यातली.

मग विणकाम राहिलं बाजूला आणि मी तिच्याबद्दल वाचत बसले.

मूळ नाव इझाबेला. न्यूयॉर्क राज्यात, हडसनच्या खोऱ्यात १७९७ च्या सुमाराला जन्म, घरात बोलायचे डच. नऊएक वर्षांची असताना लिलावात विकली, मेंढ्यांच्या कळपासकट, शंभर डॉलरला. नव्या मालकाकडे इंग्रजी, हिला त्यातलं ओ का ठो कळेना, सांगितलेली वस्तू आणता आली नाही की मार. मला तिथेच थांबावंसं वाटलं, कारण पोरीसोबत मेंढ्या दिल्या की मेंढ्यांसोबत पोरगी, हे काही डोक्यातून जाईना.

पुढे ड्यूमाँट नावाचा मालक. न्यूयॉर्कचा मुक्तीचा कायदा ४ जुलै १८२७ ला लागू होणार होता, हा म्हणाला नीट काम केलंस तर तुला वर्षभर आधीच सोडतो. मग हिच्या हाताला दुखापत झाली आणि त्याने शब्द फिरवला, म्हणे हातामुळे काम कमी भरलं. तर हिने काय करावं? त्याची लोकर कातायची बाकी होती, सुमारे शंभर पौंड, म्हणजे पंचेचाळीस किलो. ती सगळी कातून दिली, त्याच दुखऱ्या हाताने, आणि मग एके दिवशी पहाटे तान्ह्या मुलीला घेऊन निघाली. तो शोधत आला, पळून आलीस म्हणाला, तर ही म्हणते पळाले नाही, दिवसाउजेडी चालत आले. (मी असते तर ती लोकर पेटवून निघाले असते, पण म्हणूनच माझा फोटो कोणी विकत घेत नाही.) जिथे गेली त्या व्हॅन वॅगेनेन कुटुंबाने तिचे २० आणि मुलीचे ५ डॉलर देऊन तो विषय मिटवला. अलाबामात बेकायदा विकला गेलेला पीटर हा मुलगा तिने १८२८ मध्ये कोर्टात केस जिंकून परत आणला. सोजर्नर ट्रुथ हे नाव १८४३ मध्ये तिने स्वतःच घेतलं. लिंकनची भेट वगैरे सगळीकडे वाचायला मिळतं, ते सोडते.

मला फोटोच जास्त आवडला. तो विकून ती खर्च भागवायची, १८६४ मध्ये कॉपीराइटही स्वतःच्या नावावर करून घेतला. त्याखाली छापलेलं असायचं की देह चालावा म्हणून मी सावली विकते. लिहितावाचता येत नव्हतं, पण फोटोत कसं दिसायचं ते बरोब्बर कळत होतं.

झूम करून करून बघितलं, दुखरा हात कुठला ते काही कळलं नाही. तेवढ्यात माझे चार टाके सुटले, आता उसवावं लागणार.