समरी कोर्ट मार्शल : सेशन्सची सवय इथे नडते

मी संभाजीनगरला फौजदारी वकिली करतो. एका जवानाच्या समरी कोर्ट मार्शलचं, म्हणजे युनिटमध्येच झटपट चालणाऱ्या लष्करी खटल्याचं, काम पहिल्यांदा आलं तेव्हा 'केस उभी राहू दे, मग बघू' असं म्हणालो. ते चुकलं. तिथे केस उभी राहते तोवर निम्मी उरकलेली असते.

खरी सुरुवात आर्मी रूल्स १९५४ च्या नियम २२ ची, म्हणजे आरोप ऐकण्याची. जवान टोपी-बेल्ट काढून सीओसमोर, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरसमोर उभा. साक्षीदार त्याच्या देखत बोलतात आणि त्यांना उलट प्रश्न विचारायचा हक्क त्याला तिथेच असतो. पण आपलं पोरगं सावधानमध्ये 'नहीं साब' म्हणून मोकळं होतं. मग नियम २३ प्रमाणे समरी ऑफ एव्हिडन्स, म्हणजे साक्षींची नोंद, लिहिली जाते. पुन्हा तोच हक्क, पुन्हा तेच मौन, आणि साक्षीखाली 'उलटतपास नाकारला' ही ओळ. पोलीस जबाब घेतात तेव्हा आरोपी समोर नसतो, म्हणून आपण सगळा दारूगोळा कोर्टासाठी राखून ठेवतो. इथे तो आधीच वापरायचा. घरच्यांना मी आता एवढंच सांगतो: प्रश्न कागदावर लिहून द्या, तीन-चार पुरेत.

आरोप कळवल्यापासून ते तो कबूल की नाकबूल हे विचारेपर्यंत किमान ९६ तास मिळायला हवेत. अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे मोहिमेवरच्या तैनातीत, २४. तास मोजा. कमी भरले तर हरकत तिथल्या तिथे लेखी नोंदवा.

प्रत्यक्ष खटल्यात सीओ एकटाच कोर्ट. ज्याने नियम २२ खाली आरोप ऐकला, बहुतेक वेळा तोच. सोबत दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदार वगैरे) बसतात, पण त्यांना शपथ नाही, मत नाही. वकिलाला 'फ्रेंड ऑफ द अ‍ॅक्यूज्ड' म्हणून शेजारी बसता येतं, पण ना युक्तिवाद, ना साक्षीदाराला प्रश्न. वीस वर्षं उभं राहून बोलणाऱ्याला चिठ्ठ्या सरकवत बसणं जड जातं! जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल या अनेक अधिकाऱ्यांच्या वरच्या कोर्टांमध्ये मात्र वकील रीतसर बोलतो. तिथे मतं सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून घेतात, म्हणजे वरिष्ठाचं ऐकून कुणी मान डोलवू नये.

'कबूल' म्हण, साहेब सांभाळून घेतील, हा सल्ला युनिटमध्ये फुकट मिळतो. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, शिवाय बडतर्फी. त्यात पेन्शनही जाऊ शकतं. जनरल-डिस्ट्रिक्टचा निकाल वरून मंजूर झाल्याशिवाय लागू होत नाही. समरीच्या निकालाला ती मंजुरी लागत नाही, शिक्षा लगेच सुरू होते.

त्यामुळे निकालाच्या दिवशीच नियम १४७ खाली कामकाजाची नक्कल मागा, आणि आर्मी अॅक्टच्या कलम १६४ ची, निकालाविरुद्धची याचिका तयार ठेवा.

आता दाद कुठे? बडतर्फी किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबईचं. म्हणजे देवगिरी एक्सप्रेसचं तिकीट. शिक्षा त्याहून हलकी असेल तर हे प्रकरण न्यायाधिकरणाच्या कक्षेतच येत नाही, मग उच्च न्यायालयात रिट. न्यायाधिकरणाचं प्रकरण थेट उच्च न्यायालयाच्या आपल्या खंडपीठात दाखल केलं तर आधी तिकडे जा म्हणून परत यायचीच शक्यता जास्त, आणि तेवढे महिने फुकट जातात.