नाणेघाट कोकणातून चढावा

टोकावडे परिसर, २८ डिसेंबर

कल्याण–मुरबाड रस्त्यालगतच्या या शेतघरात हिवाळ्यात ठाण्याहून आलेली बहुतेक कुटुंबे सकाळ अंगणात घालवतात, दुपारी गाडी काढून माळशेज घाटात छायाचित्रे घेतात आणि संध्याकाळी परततात. माळशेज सुंदर आहे, यात शंका नाही. पण या मुक्कामाचे खरे मोल तेथे नाही, ते वैशाखरे गावातून नाणेघाटाकडे चढणाऱ्या पायवाटेवर आहे, असे माझे मत आज अधिकच पक्के झाले.

नाणेघाट पाहायला पुष्कळ जण जुन्नरच्या बाजूने येतात. तेथे गाडी पठारावर थेट घाटमाथ्यापर्यंत जाते आणि मग थोडी पावले उतरली की लेणे दिसते. त्यात सोय आहे, पण घाट म्हणजे काय हे त्या बाजूने कळत नाही. आज पहाटे वाटाड्या दादांबरोबर आम्ही खालून निघालो. शिवारात भाताची खाचरे मोकळी झाली होती आणि उरलेल्या ओलीवर वाल व हरभरा उभा होता. त्यापुढे साग आणि ऐनाचे जंगल, मग कारवीचे दाट रान आणि शेवटी कातळात खोदून, दगड बसवून केलेली चढण. दोन-तीन तास चढल्यावर पाय भरून येतात, तेव्हा सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे जात असे, ही इतिहासातली ओळ पहिल्यांदा शरीराला समजते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. ज्या शहरातून आपण रोज लोकल पकडतो, तेथील व्यापार किती जुना आहे याची ती नोंद आहे.

लेण्यात मी बराच वेळ बसून राहिलो. दोन भिंतींवर कोरलेला ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला धरतात. त्यात अश्वमेध आणि राजसूय यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांची यादी आहे, आणि त्या यादीतील अंक हे भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक आहेत. मागच्या भिंतीवर सिमुक व सातकर्णी हे सातवाहन राजे, नागनिका आणि राजकुमार यांच्या मूर्ती होत्या. आज त्यांची पावले आणि वरची नावे एवढेच उरले आहे. ज्या भिंतीवर एका राणीने स्वतःच्या घराण्याचा इतिहास कोरवून घेतला, तिच्या आसपासच्या दगडांवर आजचे लोक खडूने आपली नावे लिहितात, हे पाहून मनापासून वेदना झाली. पालकांनी मुलांना तेथे नेण्यापूर्वी एवढे तरी सांगितले पाहिजे.

खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरेने सांगतात. समोर जीवधन आणि आत चावंड, हडसर हे किल्ले पाहिले की या वाटेवर इतकी राखण कशासाठी होती, हे निराळे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात येथे वाऱ्याच्या झोताने धबधब्याचे पाणी उलटे वर उडते आणि त्यासाठी प्रचंड गर्दी लोटते. निसरड्या कातळावर त्या गर्दीत लहान मुलांना नेऊ नये. डिसेंबर-जानेवारी हाच सर्वांत योग्य काळ आहे, मात्र सातच्या आत निघावे आणि पाणी घरूनच घ्यावे.

जवळच्या गोरखगड किल्ल्यासाठी दिवस मी मुद्दामच ठेवला नाही. देहरी गावातून वर जाणाऱ्या त्याच्या खोदीव पायऱ्या उभ्या आहेत आणि यंदा आई आमच्याबरोबर आहे. तिला उद्या अंबरनाथचे शिवमंदिर दाखवणार आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा लेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर गाडीने सहज गाठता येते, आणि त्याच्या बाह्य भिंतींवरील शिल्पांसाठी अर्धा दिवसही अपुरा पडतो.

२ जानेवारीला सिद्धगडला जायचे आहे. १९४३ साली याच दिवशी तेथील जंगलात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारकांच्या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून इंग्रज सरकारला हादरवले होते. दरवर्षी आसपासच्या गावांतील माणसे अभिवादनासाठी तेथे जमतात. पर्यटनस्थळ म्हणून नव्हे, तर त्या माणसांच्या सोबतीने तेथे उभे राहावे, अशी माझी इच्छा आहे. त्यानंतर पौष पौर्णिमेला म्हसा गावची यात्रा भरेल. तेथील बैलबाजार पाहायचा असेल तर पहिल्याच दिवशी जावे, असे शेतघराच्या काकांनी बजावले आहे, म्हणून परतीचा दिवस आम्ही तिथीप्रमाणे ठरवणार आहोत.