मंगळवारचा क्षय

विमानात बसतेय तोच आईचा फोन. सांगलीत मंगळवारची दुपार झाली होती, तिची पूजा आटोपली होती.

"आज मंगळवार. उपास आहे ना तुझा?"

"इथे अजून सोमवारच आहे गं."

लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्र व्हायला अर्धा तास होता. टोकियोचं विमान बुधवारी पहाटे चारच्या सुमारास हानेदाला उतरणार. तिकिटावर सोमवार होता, बुधवार होता. मधला वार कुणी छापलाच नव्हता.

विमान उडालं आणि मंगळवार लागला. तासाभरात गरम जेवणाचा वास सुटला. मी नुसती फळं ठेवून ट्रे परत दिला आणि पांघरूण ओढून घेतलं. पुढे ॲल्यूशियन बेटांच्या आसपास कुठेतरी पडद्यावरचं इवलंसं विमान १८० रेखांश, साधारण जिथे वार बदलतो ती रेषा, ओलांडून गेलं. घोषणा नाही, काही नाही. सहा-सात तासांचा मंगळवार समुद्रावर, अंधारातच संपला. आम्ही पश्चिमेला पळत होतो, त्यामुळे मागून येणाऱ्या सूर्याला काही आम्हाला गाठता आलं नाही. ऑक्टोबरचा महिना, लॉस एंजेलिसचा सूर्यास्त ते टोकियोचा सूर्योदय, जवळजवळ १९ तासांची एकच रात्र.

आपल्या पंचांगात याला शब्द आहे. जी तिथी एकही सूर्योदय पाहत नाही, तिचा क्षय. लहानपणी भिंतीवरच्या कॅलेंडरात हा शब्द दिसला की मला त्या तिथीची उगीच दया यायची. आता अख्ख्या वाराचाच क्षय झाला होता, आणि त्यात माझा उपास अडकलेला. १५२२ साली मॅगेलनच्या मोहिमेतले वाचलेले खलाशी केप व्हर्द बेटांवर पोचले तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावरची माणसं गुरुवार म्हणत होती. म्हणजे त्या बिचाऱ्यांचे शुक्रवारचे उपासही भलत्याच दिवशी पडले असणार. तेवढाच मला दिलासा. उतरण्याआधी नाश्ता आला. बुधवार लागलेला होता. मी ऑम्लेट खाल्लं.

हानेदाला बोटांचे ठसे दिले, पहिल्या गाड्यांपैकी एक पकडली आणि न बदलता थेट असाकुसा. हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळणार, तोवर अंगात झोप आणि पायात रस्ता. सेन्सोजी देवळासमोरच्या दुकानांची शटरं खाली होती. भल्या थोरल्या लाल कंदिलाखाली एक म्हातारबाबा कुत्र्याला घेऊन उभे होते, बस. कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला भाताचा गोळा घेतला आणि नदीच्या कडेने चालत सुटले.

दहा मिनिटांवर एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. देव कोण, तर कांगितेन. म्हणजे आपला विनायक, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे आलेला. मूर्ती मात्र बघायला मिळत नाही, कायम पडद्याआड. वाहायला दूर्वा नाहीत, चक्क पांढरा मुळा! लोक तिथेच विकत घेतात आणि वाहतात. जिकडे बघावं तिकडे मुळ्याची आणि नाडीच्या बटव्याची चित्रं. बटवा तर आजीच्या कमरेचाच. मीही एक मुळा घेतला. देवापुढे ठेवताना दातांत ऑम्लेट अडकल्यासारखं वाटलं, ते सोडा.

दुपारी एकला आईला फोन लावला. तिकडे साडेनऊ. सगळं सांगितलं. ऑम्लेटचं गाळलं.

"मुळा?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "दिसला नाही म्हणतेस?"

"पडद्याआड असतो."

"असू दे. आणि उपासाचं काय केलंस?"

"मंगळवार झालाच नाही, आई. क्षय झाला."

पलीकडे शांतता. मला वाटलं पटलं.

"परतीचं विमान कधी?"

"मंगळवारी संध्याकाळी निघते. पोचते मंगळवारीच, सकाळी."

"म्हणजे तो वार दोनदा," आई म्हणाली. ती बोटांवर मोजत असणार. इकडे मीही मोजलं. टोकियोच्या मध्यरात्रीपासून लॉस एंजेलिसच्या मध्यरात्रीपर्यंत, चाळीस तास.

"निघायच्या आधी," ती म्हणाली, "तिथे साबुदाणा कुठे मिळतो ते बघून ठेव."