मालवणचं तिकीट काढण्याआधी तिथी बघा

नागपूरकर मालवणला जायचं ठरवतो तेव्हा आधी सुट्ट्या बघतो, मग गाडी, मग हॉटेल. तिथी कोणी बघत नाही. अंबाझरी तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं, त्यामुळे तशी सवय आपल्याला असायचं कारणही नाही. सिंधुदुर्गात मात्र पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि निम्मी सहल त्यावर ठरते.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीला 3 ने गुणायचं, 4 ने भागायचं. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला 3 वाजता, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला 6, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ येतो. हिशेब ढोबळ आहे, तासभर मागेपुढे होतो, म्हणून नेमकी वेळ आदल्या दिवशी होडीवाल्याला विचारावी. तो घड्याळाआधी पाणीच बघतो.

दुसरी गोष्ट, पाणी किती चढणार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप वर येतं आणि तितकंच मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार कमी. मालवणजवळच्या देवबागला ‘त्सुनामी आयलंड’ म्हणून दाखवतात ती कर्ली नदीच्या मुखाजवळची वाळूची पट्टी ओहोटीलाच नीट उघडी पडते. भर भरतीला होडी केली तर पैसे देऊन नुसत्या पाण्यात उभं राहणं होतं. एकादशी ते चतुर्दशी ओहोटी दुपारी 2 ते 5 च्या दरम्यान येते आणि उधाण जवळ असल्याने वाळूही भरपूर उघडते. पट्टीसाठी हेच दिवस धरावेत. स्कूबा डायव्हिंगसाठी उलट अष्टमी-नवमी बरी, कारण पाणी कमी ढवळलेलं असतं आणि खालचं स्पष्ट दिसतं.

देवबागच्या संगमावर ओहोटीच्या वेळी पोहायला अजिबात उतरू नका. नदीचं पाणी आणि उतरतं समुद्राचं पाणी एकाच अरुंद तोंडातून बाहेर धावतं. वरून ते शांत दिसतं, हीच खोड. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावं.

स्कूबाला पोहता यायची गरज नसते, प्रशिक्षक धरून नेतो. अडतं ते कानाशी. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकी फुंक मारत कानातला दाब मोकळा करायचा, तोही दुखायला लागायच्या आधी. सर्दी असेल तर हा दाब सुटत नाही. त्या दिवशी नाद सोडावा. आणि विमानाने परतणार असाल तर स्कूबा सुरुवातीलाच उरका: पाण्यातून निघाल्यापासून उड्डाणापर्यंत किमान 12, शक्यतो 18 तास जाऊ द्यावेत.

आता महिना. आमच्या मते मार्गशीर्ष शुद्ध नवमी ते पौर्णिमा याला तोड नाही. पाण्याचा हिशेब जुळतोच, शिवाय कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू झालेल्या असतात आणि जत्रेत दशावतारी नाटक. जत्रा तिथीवर असते, म्हणून तारीख दरवर्षी बदलते. मुक्कामाच्या घरी विचारलं की जवळची जत्रा कळते. खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळ्या वेषातला संकासुर. तो मालवणीत बोलतो आणि सगळ्या मांडवाला हसवतो. त्यानंतर आख्यान. लिहिलेली संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचले जातात. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करतात. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन आणि तेच रानातला दगड. पेटी-पखवाजाच्या जवळ, बाजूला बसा, कारण नटाची एन्ट्री आणि वादकाची नजरानजर तिथूनच दिसते. अंगावर पांघरूण घ्या, डिसेंबरात पहाटे दव पडतं.

जाण्याचं म्हणाल तर नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा असते. विशेष असल्याने ती चालू आहे ना, हे आधी बघा. नाहीतर मुंबईमार्गे. दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस मध्यरात्री 12 वाजून 5 मिनिटांनी निघते. शुक्रवारी रात्री बसायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. इथे भलेभले चुकतात. उतरायचं कुडाळला, तिथून मालवण तीसेक किलोमीटर. सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन आहे, पण ते ओरोसजवळ. किल्ला मालवणच्या समुद्रात, कुरटे बेटावर. 1664 साली बांधायला घेतलेला हा किल्ला पावसाळ्यात बघता येत नाही, कारण होड्या बंद असतात. गोव्याचं विमान घेणार असाल तर मोपाला उतरणारं घ्या, दाभोळी लांब पडतं.

मे महिन्यात जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: तिथे कूलर चालत नाही. आपला कूलर कोरड्या हवेच्या जिवावर गार करतो. दमट हवेत पाणी उडतच नाही, खोली फक्त ओली होते. पारा नागपूरपेक्षा दहा अंशांनी कमी असला तरी घाम वाळत नाही, कपडेही रात्रीत वाळत नाहीत. एसी खोली घ्या, कपड्यांचे दोन जोड जास्त ठेवा.

जेवणात सावजीची तर्री शोधू नका. मालवणी कढीचा जोर ओल्या नारळावर, कोकमावर आणि बांगड्यात घातलेल्या तिरफळांवर असतो. तिरफळं चावायची नाहीत, काढून ताटाच्या कडेला ठेवायची. चावलं तर जीभ बधिर होते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. शाकाहाऱ्यांनी काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या आदल्या रात्रीच सांगून ठेवाव्यात. वाटाणा रात्रभर भिजवावा लागतो.