पल्स 64, बिस 66

कोथरूडच्या काकू, पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन. आधीच्या एका ऑपरेशननंतर दिवसभर उलट्या झालेल्या म्हणून भुलीचा गॅस न वापरता टीव्हा करायचं ठरलं, म्हणजे झोप पूर्ण शिरेतून, प्रोपोफॉलचा पंप लावून. गॅस असला की श्वासागणिक किती जातोय ते मॉनिटरवर दिसतं, शिरेतल्या औषधाचं तसं काही दिसत नाही, म्हणून अशा केसला कपाळावर बिसची पट्टी लावतेच मी, मेंदूच्या लहरींवरून झोप किती गाढ ते सांगते ती. आकडा 40 ते 60 मध्ये हवा, चढला की झोप हलकी.

अर्धा तास मस्त 45. सर्जन सर सिंहगड रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत काम करत होते. मग 52, 58, बघता बघता 66. पल्स मात्र 64, ढिम्म. काकू बीपीसाठी मेटोप्रोलॉल घेतात, सकाळची गोळी घेऊनच आलेल्या, त्यामुळे दुखलं तरी नाडी फारशी पळणार नव्हती, आणि हात हलवणार कशा, स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलेलं! कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायचं विजेचं हत्यार, चालू असली किंवा कपाळाचे स्नायू फडफडले की बिस उगाच चढतो, पण कॉटरी बंद होती आणि मॉनिटरवरचा स्नायूंच्या फडफडीचा बार तळाला. बीपी 118 वरून 152. डोळ्यावरची टेप जरा उचलली तर कोपऱ्यात पाणी.

"सर, थांबा जरा." सेवोचा, म्हणजे भुलीच्या गॅसचा, डायल उघडला आणि अंगावरच्या ड्रेपच्या कापडाखाली हात घातला तर काकूंचा हात मनगटापर्यंत टम्म, गार. सुई शिरेतून निसटलेली आणि प्रोपोफॉल सगळं मांसात. पंपाला त्याचं काय, तो ढकलतोच आहे, प्रेशरचा अलार्मपण नाही वाजला. सिस्टरनी दुसऱ्या हाताला लाईन घेतली, आधी फेंटानिल दिलं, कारण सेवोने झोप येईल पण दुखणं आवरायला तेच लागतं, बिस काय दुखणं मोजत नाही. चारेक मिनिटांत 48.

संध्याकाळी काकूंना विचारलं, झोपायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं, उठल्यावरचं पहिलं काय, आणि मधलं काही? मास्क आठवतो, मग एकदम सिस्टरची हाक, मधलं काहीच नाही म्हणाल्या. कधीकधी उशिरा आठवतं म्हणून दुसऱ्या दिवशीही विचारलं, तेव्हाही नाही. सुजलेल्या हातासकट झालेलं सगळं काकू-काका दोघांना सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी गॅस दिलातच ना? तरीच रात्री एक उलटी झाली."